चंद्रभानच्या नावाचं ताट

मानपत्र दिल्याशिवाय देणगीदाराचा हात सुटत नाही, हे मला या धंद्यात पडल्यावर कळलं. धंदा म्हणते, कारण समाजसेवा म्हटलं की लोक चहा पाजतात आणि कामाचं काही विचारत नाहीत. तर अशीच काही मानपत्रं फ्रेम करून घ्यायला मी मूर्तिजापूरला स्टेशन रोडवरच्या एका दुकानात गेले आणि तिथं मला केशवराव भेटले.

उंच, हाडकुळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि कानाला पेन्सिल. दुकानाची एक भिंत देवांची, दुसरी गेलेल्यांची. घरच्यांनी फ्रेम करायला टाकलेले आणि मग कधीच न नेलेले कितीतरी फोटो त्या दुसऱ्या भिंतीवर होते. केशवराव रोज सकाळी त्यांच्या काचा पुसत आणि एकेकाला नावानं राम राम करत. मी विचारलं, कोणी नेत नाही तर ठेवता कशाला?

"राहू द्या मॅडम. माह्या गिऱ्हाइकाईले घाई नसते," असं म्हणून ते हसले. मे महिन्याच्या भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मला त्याचा रागही आला, कारण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नाही म्हणजे नाही.

आमची संस्था अमरावतीची. शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींना त्यांच्याच भागातलं एक मोठं माणूस जोडून द्यायचं, त्यानं दर आठवड्याला त्या पोराला भेटायचं, घरच्यांशी ओळख ठेवायची, काही वाकडं दिसलं तर आम्हाला कळवायचं, एवढं आमचं काम. त्या माणसाला आम्ही 'सोबती' म्हणतो. पैसे पुण्याच्या एका कंपनीचे. कंपनीचे शेखर सर अधूनमधून गाडीनं येतात, बाटलीतलं पाणी पितात आणि किती मुलं 'टिकली' ते विचारतात. मुलं म्हणजे जणू पापड आहेत, डब्यात टिकायला.

माझं बोलणं केशवरावांनी फ्रेमला खिळे ठोकता ठोकता ऐकलं होतं. मानपत्रं बांधून देताना त्यांनी विचारलं, "दहावी नापास माणूस चालते काय तुमाले?"

"चालतं की. का?"

"मी हावो नं."

असे केशवराव आमचे सोबती झाले. त्यांच्याकडे आलेल्या पोराला ते महिनाभर काहीच विचारत नसत. काच पुसायला लावत, चहा पाजत आणि घरी धाडत. पोरं आपण होऊन बोलायला लागत. मला आधी वाटलं, हे मेलेल्यांच्या सवयीनं गप्प बसतात. पण शाळा सोडून बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर दिवसभर पत्ते कुटणारी दोन पोरं जेव्हा परत वर्गात दिसली, तेव्हा मी माझं तोंड आवरलं.

पंचक्रोशीत मात्र केशवरावांची ओळख फ्रेमवाला म्हणून कमी आणि पितर म्हणून जास्त होती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर भरतात आणि त्याच्या जागी एका जिवंत माणसाला पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. तो माणूस म्हणजे पितर. पत्रावळीवर बसल्यापासून उठेपर्यंत त्याला गेलेल्याच्याच नावानं हाक मारायची. त्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. शेवटी हात जोडून विचारायचं, तृप्त झाला का? तो म्हणतो, झालो. मग त्याला विडा द्यायचा, उंबऱ्यापर्यंत पोचवायचं, आणि तिथून पुढं तो पुन्हा आपला नेहमीचा माणूस.

हल्ली पितर मिळत नाहीत. तरण्या पोरांना लाज वाटते आणि म्हाताऱ्यांना शुगर असते. केशवरावांना दोन्ही नव्हतं. "अर्धं गाव माह्या पोटातून जेवून गेलं," असं ते मोठ्या मानानं सांगत. पण त्यांचा एक नियम होता आणि तो सांगताना ते हसत नसत. ज्याची राख कोणी पाहिली नाही, त्याचं ताट ते घेत नसत.

"काहून?" मी त्यांच्याच बोलीत चिडवलं.

"जित्त्या माणसाच्या नावाचा घास पोटात गेला तं पचत नाई, मॅडम. त्याचं आयुष्य खाल्ल्यावानी होते. मंग खानाऱ्याले अन्न गोड लागत नाई."

त्यांची बायको गंगूबाई आतून म्हणाली, "अन् मले म्हणते भाजी अळणी झाली!" आम्ही तिघंही हसलो.

आचल त्यांच्या वाट्याला आली तेव्हा ती नववीत होती आणि शाळेत कमी, वांग्याच्या वाफ्यात जास्त असे. दर्यापूर रोडला आत एक गाव आहे, तिथलं माळ्याचं घर. भाजीपाला आणि झेंडू. तिचा बाप चंद्रभान, आचल तिसरीत असताना, अकोल्याच्या बाजारात भाजी घेऊन गेला तो परत आलाच नाही. भाजीचे रिकामे कॅरेट एका ओळखीच्या दलालाकडे सापडले. माणूस सापडला नाही. आई मैनाबाई कुंकू लावून, हातभर बांगड्या घालून राहत होती. कोणी विषय काढला की म्हणायची, "येईन. गेला म्हून कोनं पाह्यलं?" घर आणि मळा चालवत होते ते चंद्रभानचे मोठे भाऊ नत्थुजी.

नत्थुजी वाईट माणूस नव्हते. असते तर माझं काम सोपं झालं असतं. भावाच्या बायकोपोरीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, अंगावर हात टाकला नाही. फक्त भावाची पोरगी ही आपल्या डोक्यावर ठेवलेली कोणाची तरी वस्तू आहे आणि ती वेळेवर पोचती केली पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आचलनं दहावीची परीक्षा दिली. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे तिनं फक्त केशवरावांना सांगितलं. तोवर नत्थुजींनी कारंज्याकडचं एक स्थळ पक्कं करत आणलं होतं. पोरगी सोळाची.

अडचण एकच होती, बापाची. बाप मेला म्हणावं तर आईच्या कपाळावर कुंकू, आणि जिवंत म्हणावं तर कन्यादानाला माणूस नाही. मुलाकडचे म्हणाले, आधी हे काय ते ठरवा. नत्थुजींनी ठरवलं. या अखजीला चंद्रभानच्या नावानं घागर भरायची, त्याला पितरांत बसवायचं आणि आठ दिवसांत लग्न उरकायचं. आणि पितर म्हणून बोलावणं कोणाला? पंचक्रोशीत एकच माणूस होता.

केशवरावांनी मला फोन केला. मी लगेच म्हणाले, बालविवाह आहे, हेल्पलाइनला कळवते, ग्रामसेवक येईल, पोलीस येतील.

"येतीन," ते म्हणाले. "आज लगन थांबंन. पुढच्या महिन्यात तिले मामाच्या गावी नेतीन अन् तिकडेच उरकतीन. तुमाले तिचा पत्ताबी लागणार नाई."

"मग काय करायचं?"

त्यांनी आधी एक खिळा ठोकला, तो मला फोनवर ऐकू आला. मग म्हणाले, "मी बसतो."

"तुमचा नियम?"

"पितराचा शब्द मोडत नाईत, मॅडम. नत्थुजी हात जोडून विचारीन तेव्हा मी म्हणीन, माही इच्छा राह्यली, पोट्टीले शिकवा. सगळ्याईच्या समोर म्हणीन. मंग कोन मोडते पाहू." आणि जरा थांबून, "इतके साल झाले, मेलाच असंन तो. अन् नसंन, तं बाप हाय. पोरीसाठी माफ करंन."

अखजीच्या दिवशी मी त्यांना माझ्या गाडीवर मागं बसवून घेऊन गेले. ऊन असं होतं की डांबर चिकटत होतं. दारात नवी घागर, तिच्यावर आंबा. ओसरीत मुलाकडचे दोघं जण टेकून बसलेले. नत्थुजींनी माझं स्वागत केलं, म्हणाले, "बसा मॅडम, तुमीबी जेवा." त्यांना माझी भीती वाटत नव्हती, हे मला मुळीच आवडलं नाही.

आचलनं केशवरावांच्या पायावर पाणी घातलं.  तिच्याकडे बघून केशवरावांनी हळूच डोळा मिचकावला आणि ते पाटावर बसले. पळसाची पत्रावळ, आंब्याचा रस, पुरणपोळी, वडे, कुरड्या, चिंचेची आंबटगोड चिंचोणी. मैनाबाई वाढायला बाहेर आल्याच नाहीत. भिंतीपलीकडं त्यांच्या बांगड्या वाजत होत्या तेवढंच.

केशवराव पंगतीत गप्पा मारत जेवणारा माणूस. पहिले दोन-चार घास तसेच गेले. मग त्यांचं बोलणं थांबलं. मान खाली गेली. ते भराभर जेवायला लागले, कोणाकडं न बघता. पोळी संपली, दुसरी घेतली, तीही संपली. तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले आणि तांब्या पुढं केला. मग त्यांनी कुरडई उचलली, मुठीत चुरली, रसात टाकली आणि तो लगदा बोटांनी कालवून खाल्ला. त्यात काही विशेष नव्हतं, आपल्याकडं पुष्कळ जण तसं खातात. पण आतल्या बांगड्यांचा आवाज एकदम बंद झाला. मी वळून पाहिलं तर मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून, आणि त्यांची नजर केशवरावांच्या हातावर होती.

लाइट गेली. कूलर थांबला. आमच्याकडं दुपारी लाइट जातेच.

नत्थुजींनी हात जोडले. "चंद्रभान, बापू, तृप्त झाला काय?"

केशवरावांनी मान वर केली. मी मनातल्या मनात त्यांचं वाक्य म्हणत होते, पोट्टीले शिकवा, पोट्टीले शिकवा.

"दादा," ते म्हणाले, "मी मेलो नाई. घागर काहून भरली?"

आवाज केशवरावांचाच होता, यावर मी कुठंही शपथ घ्यायला तयार आहे. फक्त तो फार दमलेला होता, लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा. आणि केशवराव नत्थुजींपेक्षा वयानं मोठे. ते त्यांना कधी दादा म्हणत नसत.

 नत्थुजींचे हात जोडलेले तसेच राहिले.  मग मैनाबाई बाहेर आल्या. सरळ घागरीपाशी गेल्या, ती दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी रिकामी केली.

"घरधनी जित्ता असताना त्याच्या नावानं पानी भरता?" त्या दिराला म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी दिरासमोर आवाज चढवला नव्हता. "अन् जित्त्या बापाच्या पोरीचं लगन बापाबगर करता?"

मुलाकडचे दोघं उठून चपला शोधायला लागले. त्यातला म्हातारा म्हणाला, "बाप येईन तेव्हा बोलू, नत्थुजी." ऊन डोक्यावर असतानाच ते निघून गेले. केशवरावांना कोणी विडा दिला नाही. उंबऱ्यापर्यंत कोणी पोचवलंही नाही. ते आपले आपणच उठले, हात धुतले आणि येऊन माझ्या गाडीजवळ उभे राहिले.

वाटेत मला हसू आवरेना. "केशवराव, काय नाटक केलंत! आपलं ठरलेलं वाक्य काय, तुम्ही बोललात काय! पण त्यापेक्षा भारी. आता बाप येईपर्यंत त्या पोरीला कोणी हात लावत नाही."

 मूर्तिजापूरचं फाटक आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मी काय बोललो, मॅडम?"

मला वाटलं नाटक अजून चालू आहे. गाडी थांबवून मागं पाहिलं आणि माझं हसू जिथल्या तिथं राहिलं. माणूस घामानं भिजला होता आणि लहान पोरासारखा घाबरला होता. मी त्यांना सांगितलं, ते काय म्हणाले ते. त्यांनी ऐकलं, टोपी काढली आणि पोटावर हात ठेवला.

"म्हंजे तो जित्ता हाय," ते म्हणाले. "अन् मी त्याचं ताट खाल्लं."

आचल अकरावीला सायन्सला बसली. शेखर सर आले तेव्हा मी अहवालात लिहिलं होतं, 'स्थानिक परंपरेच्या माध्यमातून कुटुंबाशी संवाद साधून बालविवाह टाळला.' त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी मूर्तिजापूरचा निधी पुढं चालू ठेवला, शिवाय मुलींच्या वसतिगृहाचा खर्चही कबूल केला. जाताना विचारलं, "हे मॉडेल दुसऱ्या तालुक्यात राबवता येईल का?" मी हो म्हणाले. निधी हवा असला की माणूस कशालाही हो म्हणतं.

आणि केशवरावांचं अन्न तुटलं. खाऊ लागले की म्हणत, चव नाही, पोट भरलेलं आहे. आधीच हाडकुळा माणूस, त्याची रया गेली. कोणाच्याही घरी पितर म्हणून बसायचं त्यांनी सोडलं. दुकान चालू होतं, पोरं येत होती, काचा पुसल्या जात होत्या. पण गावात भलतीच कुजबूज सुरू झाली होती. कोणी म्हणे, चंद्रभान अकोल्याच्या बाजारात मेथी विकताना दिसला. कोणी शपथेवर सांगे की त्यानं हाक मारली, पण वळून पाहिलं नाही. नत्थुजींनी लग्नाचं नाव परत काढलं नाही. रात्री ओसरीवर झोपायचंही त्यांनी सोडलं.

आचल मात्र वाट पाहायला लागली. तोवर तिनं बापाला मनातून केव्हाच निरोप दिला होता. आता दुकानात आली की विचारायची, "काका, बाबा कधी येतीन?" केशवराव काच पुसत राहायचे. त्यांनी पोरीचं लग्न थांबवलं होतं आणि बदल्यात तिला हे देऊन ठेवलं होतं. ते त्यांना सोसत नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

एके दिवशी गंगूबाईंचा फोन आला. "मॅडम, हे दर शुक्रवारी डबा घेऊन अकोल्याले जातेत. म्हनतेत, त्याचा घास त्याले वापस द्याचा हाय. घरी तं घासभर खात नाईत. तुमी सांगा नं त्याईले."

पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेले. समजवायला म्हणून. पॅसेंजरमध्ये ते डबा मांडीवर घेऊन बसले होते. अकोल्यात उतरल्यावर मला वाटलं बाजारात जातील, माणसं न्याहाळतील. बाजाराकडं त्यांनी पाहिलंही नाही. सरळ मोरणा नदीच्या दिशेनं चालायला लागले. नदीकाठी, झाडंझुडपं माजलेल्या एका पडक्या भिंतीपाशी ते थांबले.

"इथंच कशाला?" मी विचारलं.

"मले नाई मालूम. पाय इथं येते."

त्यांनी डबा भिंतीच्या कडेला ठेवला, झाकण काढून बाजूला ठेवलं आणि पाठ करून उभे राहिले. मी पाठ केली नाही. मी डब्याकडं टक लावून उभी होते, आज याचा सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून. पोळ्या, भाजी, भात, सगळं मला दिसत होतं. तेवढ्यात फोन वाजला, शेखर सरांचा. कसलासा आकडा हवा होता. मी वळून बॅगेतून कागद काढला, आकडा सांगितला, फोन ठेवला आणि पुन्हा पाहिलं.

डबा रिकामा होता. मी स्वतःला सांगितलं, कुत्रं आलं असेल. पण डब्याचं झाकण लावलेलं होतं. मी ते उघडून आत पाहिलं तेव्हा कळलं की तो रिकामा आहे. कुत्रं झाकण लावत नाही.

केशवरावांनी डबा पिशवीत टाकला. "चला," म्हणाले.  समजवायला गेले होते हेही विसरून गेले.

आचल बारावी झाली. चांगली झाली. अमरावतीला नर्सिंगला तिचा नंबर लागला, वसतिगृहात खोली मिळाली, खर्च निधीतून. तिचं सामान मीच लावून दिलं. त्याच आठवड्यात मैनाबाईंचा निरोप आला, केशवरावांना घेऊन घरी या.

आम्ही गेलो तेव्हा नत्थुजी मळ्यात होते. मैनाबाई ओसरीत बसल्या होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि थांबले. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. हातात एकही बांगडी नव्हती.

"बाई, हे काय?" मी विचारलं.

"पोट्टी अठराची झाली, ताई. कॉलेजात गेली. आता तिले कोनी अडवू शकत नाई," त्या म्हणाल्या. "आता तो मेला तरी चालते."

केशवराव खाली बसले. 

मैनाबाई सांगत होत्या, जमिनीकडं बघत, एका सुरात. चंद्रभान गेला त्याच्या चार-दोन दिवसांनी पोलिसाचा निरोप आला होता, अकोल्याच्या रस्त्यावर उन्हानं पडलेला एक बेवारस माणूस सरकारी दवाखान्यात ठेवला आहे, ओळखायला या. नत्थुजी तेव्हा घरी नव्हते. त्या माहेरी जाते सांगून एकट्याच गेल्या. चादर काढली. "तोच होता. पायाच्या अंगठ्याले ठेच लागली होती, मीच हळद लावून देल्ली होती. ते हळद तशीच होती. शिपाई म्हणे, बाई, ओळखता काय? मी म्हणलं, नाई."

"का हो?" माझ्या तोंडून निघालं.

"माही नणंद बेवा झाली तं सासरच्याईनं तिले तेराव्याले माहेरी धाडली अन् पोट्टी ठेवून घेतली. पोट्टीचं लगन तेरा वर्साची असताना केलं. मी डोळ्यानं पाह्यलं होतं, ताई. नवरा हरवला म्हणलं तं बाई घरातच राह्यते. वाट पाहाची असते नं तिले." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "त्याले बेवारस म्हून मोरणेच्या काठी जाळलं. मी पुलावर उभी होती."

केशवराव हळू आवाजात म्हणाले, "भिंतीपाशी. पडकी भिंत हाय."

मैनाबाईंनी मान वर केली. "तुमाले कोनं सांगितलं?"

"कोनी नाई."

  मग मी विचारलं, आचलला सांगितलं का. त्या म्हणाल्या, तिला जायच्या आदल्या दिवशी सांगितलं, खूप रडली, आणि रडून झाल्यावर तिनं विचारलं की आई, मग त्या दिवशी पंगतीत कोण बोललं?

"मी म्हणलं, तुहा बाप." मैनाबाई आता केशवरावांकडं बघत होत्या. "मी त्याले परका म्हणलं होतं. पानी नाई पाजलं, तोंड नाई पुसलं. त्याले मालूम होतं तो मेला हाय. तरी येऊन बसला, अन् सगळ्याईच्या समोर माहंच खोटं खरं करून गेला. मेलेलं माणूस खोटं नाई बोलत म्हणतेत. तो बोलला. पोरीसाठी बोलला."  "पण मले काय म्हनत असंन तो? मले किती शिव्या देत असंन?"

केशवरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या दिवसाचं आपल्याला काही आठवत नाही, असंच ते मला सांगत आले होते.

"नाई बाई," ते म्हणाले. "तेवढं मले मालूम हाय. मी आत होतो नं. राग नव्हता त्याले. कोनाचाच नव्हता. फक्त भूक होती. बम भूक होती."

मैनाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांनी हंबरडा फोडला. छाती पिटून, मोकळ्या केसांनी, नुकतंच घरातलं माणूस गेलेली बाई रडते तशा त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांचं सगळं एकदम. मी त्यांना धरायला गेले पण त्या माझ्या हातांत मावेनात. केशवराव भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आवाज ऐकून आजूबाजूच्या बाया धावत आल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या कडेवर लेकरू. "काय झालं? कोन गेलं वो मायी?"

"चंद्रभान," केशवराव म्हणाले.

 एक म्हातारी पुढं आली, मैनाबाईंचं मोकळं कपाळ तिनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "कवा गेला वो?"

केशवरावांनी माझ्याकडं पाहिलं.  मैनाबाईंनीच रडता रडता उत्तर दिलं.

"आज," त्या म्हणाल्या.